एका पेल्यात एक पुडी

पाटलीणबाईंनी पदराने पाण्याने भरलेला गंज धरला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यातलं लिटरभर पाणी शेवग्याच्या बुंध्याशी ओतलं. सावकाश. धार तुटू न देता. देवापुढे पाणी सोडतानासुद्धा बाई इतक्या मन लावून सोडत नसतील.

पाण्यात ओआरएसची पुडी होती. मी कालवलेली.

"गंजाले हात कायले लावला व तू?" त्या म्हणाल्या. "दुसरी पुडी असन त ठेव पायरीवर. आमी बनोतो."

आत त्यांची नात रडत होती. परी, दीड वर्षाची. सकाळपासून पाच वेळा उलटी, हगवण वेगळी. सुनेने मला निरोप पाठवला, उकळून थंड केलेलं पाणी गंजात भरून तिनेच सपरीत, बाहेरच्या ओसरीवर, आणून ठेवलं. मी माझ्या बाटलीने लिटर मोजलं, पुडी टाकली, ढवळलं. सासूबाई तेवढ्यात आंघोळ करून आल्या आणि शेवग्याचं नशीब उघडलं.

मी गावची आशा. बारा वर्षं झाली. बाईंनी मला नाव कधी विचारलं नाही, 'आशा' म्हटलं की काम भागतं. पण मोहल्ला त्यांना पक्का ठाऊक. गावाच्या खालच्या टोकाला, पंचशील झेंड्याच्या मागे. रोवणीचे दिवस होते. त्याच वेळी आमच्या मोहल्ल्यातल्या अकरा बायका बाईंच्या बांधीत कोपरापर्यंत चिखलात हात घालून धान रोवत होत्या. ते हात चालतात. त्या हातांचा भात परी खाणार, तिची आजी खाणार. चमचाभर पाणी मात्र चालत नाही. हे गणित मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही.

आणि मी काय केलं? काही नाही. दोन पुड्या पायरीवर ठेवल्या. अंगणात उभं राहून ओरडून सांगितलं, "पूर्ण पुडी, पूर्ण लिटर. चमच्या-चमच्यानं. उलटी झाली त धा मिनिट थांबा, मंग पुन्हा द्या." माझी बाटली मापाला ठेवून घ्या म्हटलं. बाईंनी बाटलीकडे असं पाहिलं, जणू मी मेलेला उंदीर पुढे केला. मग मी घरी आले, चहा केला, प्यायले. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा मुलगा आमच्या दारात. मोटारसायकल चालूच ठेवलेली.

"ताई, चाला. पोरगी कशीतरीच करून राहिली."

गेले. परीचे डोळे खोल गेले होते. ओठ सुकलेले. पेला दिसला की झोंबायची, प्यायली की ओकायची, आणि रडताना डोळ्यांत थेंब नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती आळसावल्यासारखी खाली बसली.

"पानी कोनत्या भांड्यात बनोलं?" मी विचारलं.

सुनेने एक पेला दाखवला. स्टीलचा, चहाच्या पेल्यापेक्षा जरा मोठा. एका पेल्यात एक पुडी. काल दुपारी एक, आज सकाळी एक.

बाईंचं म्हणणं साधं होतं. लिटरभर पाण्यात एवढीशी पुडी म्हणजे सरकारी कंजुषी. "घट्ट असलं त अंगाले लागते. दूध पातळ करून देतो का आपन?"

दूध नव्हे ते. मीठ होतं. त्या जिवात आधीच पाणी उरलं नव्हतं, वरून मिठाचा मारा केला.

मी म्हटलं, "गाडी काढा. आत्ताच."

मोहाडीला एक खाजगी दवाखाना आहे, तिथे जायचं ठरलं. मुलगा म्हणाला, ताई तुम्हीही चला. गाडीचं दार उघडलं, तर बाई माझ्या आधी धावल्या. मला वाटलं, जागा करून देताहेत. त्यांनी मागच्या सीटवर युरियाचं रिकामं पोतं अंथरलं. मी त्या पोत्यावर बसले. नात मरायला टेकली होती आणि बाईंना सीटचं कव्हर आठवत होतं. शेजारी सून, तिच्या मांडीवर परी. "अंगावर पाजत राहा व बाई," मी तिला म्हणत होते, "जेवढं पिते तेवढं पाजत राहा."

डॉक्टरांनी परीला तपासलं, सलाईन लावायला घेतलं, रक्त काढलं आणि मग विचारलं, "पाणी कुणी तयार केलं होतं?"

बाई पुढे झाल्या. आवाज असा मऊ, जशा देवळातून आल्या. "हे आशा आहे ना आमच्या गावची. तेच बनोते साहेब. आमाले का समजते."

आता ऐका. मी बोलकी बाई. माताबैठकीत मी बोलायला लागले की पोरं दूध प्यायचं विसरतात. पण त्या क्षणी मी आधी दाराकडे पाहिलं. डोळ्यांपुढे सगळं आलं. तक्रार, चौकशी, गेलेलं काम. आणि आयुष्यभराचं नाव, हिनेच पाटलाची पोरगी मारली. मग खाटेवर नजर गेली. परीच्या हाताची शीर सापडत नव्हती. तिसऱ्यांदा टोचत होते. काल अंगणात मी गप्प बसले, त्याच्या सुया त्या हाताला लागत होत्या.

"साहेब," मी म्हटलं, "मी बनोलं होतं. एका लिटरात. ते बाईनं शेवग्याच्या झाडाले पाजलं, कारन गंजाले माया हात लागला होता. मंग त्याईनं घरी बनोलं, पेल्यात. माया हातात काय होतं, ते त्याईलेच विचारा."

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं. "ठीक आहे, ठीक आहे. ते जाऊ द्या आता."

"नाही जाऊ देत. कागदावर लिहा."

"अहो, पेशंट महत्त्वाचा की..."

"पेशंटसाठीच म्हनतो. कोनं कसं बनोलं, लिहा."

बाई म्हणाल्या, "पाहा, कशी चढून राहिली डोक्यावर."

तेव्हा सून बोलली. कुणाकडे न पाहता, सलाईनच्या बाटलीकडे पाहत. "आईनंच कालवलं. पेल्यात. मी पाहून राहिली होती."

"तू चूप बस," तिचा नवरा म्हणाला.

"चूपच होती ना कालपासून," ती म्हणाली.

डॉक्टरांनी टोपण काढलं आणि एक ओळ लिहिली. घरच्यांनी एका पेल्यात एक पुडी दिली, एवढीच. शेवग्याचं झाड त्यात नव्हतं. गंज नव्हता. माझा हात नव्हता.

परीला दोन दिवस ठेवलं. मी दोन्ही दिवस गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता तोंडाने द्या. लिटरात कालवलेलं पाणी मी चमच्याने पाजत होते, चमचा, थांबायचं, चमचा. बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पाहत होत्या. तिथे ओतून द्यायला शेवगा नव्हता. संध्याकाळी परीने माझ्या मांडीवर बसून माझ्या साडीवर भरपूर मुतलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. लघवी झाली म्हणजे पोरगी परत आली. बाईंनी तोंड फिरवलं. धन्यवाद कुणी म्हटलं नाही. मीही वाट पाहिली नाही.

त्यानंतर दर महिन्याच्या माताबैठकीत मी ओआरएस कसं बनवायचं ते दाखवते आणि मग ही गोष्ट सांगते. पदराने गंज कसा धरला ते करून दाखवते. पाण्याची धार करून दाखवते. तो मऊ आवाज काढते. बायका डोळे पुसेपर्यंत हसतात, मग मी परीच्या सुयांपर्यंत येते. तिथे हसू संपलं की मी खाली बसते.

बाईंचा मुलगा पुन्हा आला. या वेळी मोटारसायकल बंद करून.

"ताई, झालं ते झालं. पोरगी चांगली आहे ना आता. काहून सांगत राहता? आईले रस्त्यानं जानं मुश्कील झालं."

"मी बारा वर्षं अंगनातच उभी होती गा दादा. मले काही मुश्कील नाही झालं?"

"पाहा, वरपर्यंत ओळख आहे आपली. काम जाईन."

"गेलं त रोवनीले येईन. तुयाच बांधीत. तिथं माया हात चालते."

तो गेला. काम अजून आहे, जाईल तेव्हा जाईल. पुडी आता मी कुणाच्या पायरीवर ठेवत नाही. ज्या घरात लेकरू आजारी, त्या घराच्या चुलीपर्यंत जाते, त्यांच्याच भांड्यात, माझ्याच हाताने कालवते आणि पहिला चमचा पोटात जाईपर्यंत हलत नाही. दोन घरांनी मला शिव्या दिल्या. दोन्ही घरची लेकरं बरी झाली.

आणि परी. ती आता धावते, मला पाहून हात हलवते, तिची आई तिला थांबवत नाही. ती शाळेत जाईल, वाचायला शिकेल, एक दिवस तिला समजायला लागेल. त्या दिवशी मी तिच्या घरी जाणार आहे, समोरच्या दाराने, आणि तिला समोर बसवून सगळं सांगणार आहे. कुणी काय ओतलं, का ओतलं, सगळं. तिची आजी तिथेच बसलेली असेल. तिच्यादेखत सांगणार.