फोटोत नको असलेली छकुली

वैजंता आठ वर्षांची होती. आई उजाडताच उसाच्या खुरपणीला गेली की घर तिच्याच अंगावर पडे. हापशावरून पाणी आणायचं, चुलीवर भाकरी थापायची आणि वर्षभराच्या धाकट्या बहिणीला, छकुलीला, कडेवर घेऊन तिसरीच्या वर्गात जाऊन बसायचं. शाळेतल्या नंदाबाईंनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

२००३ साली पुण्यातल्या एका आयटी कंपनीचे लोक वस्तीवरच्या त्या शाळेत दप्तरं वाटायला आले. कोरं निळं दप्तर हातात पडताच वैजंता हरखली. तेवढ्यात कॅमेरावाला म्हणाला, "ते बाळ बाजूला ठेव. फोटो शाळेचा आहे, पाळणाघराचा नाही."

"हिला कुटं ठिवू? कोन बघंल?" वैजंताने विचारलं.

"दोन मिनिटं बाहेर बसव."

बाहेर रणरणतं ऊन होतं आणि पलीकडे उघडी विहीर. नुकतंच मुलींच्या शिक्षणावर तासभर भाषण ठोकणाऱ्या कंपनीच्या साहेबांना एवढंही दिसू नये! वैजंताने दप्तर टेबलावर ठेवलं आणि छकुलीला घेऊन ती तरातरा घरी निघून गेली.

संध्याकाळी नंदाबाई ते दप्तर घेऊन घरी आल्या. आई, सरुबाई, भडकली. "लेकराला उन्हात बसवा म्हनत्यात, तेंचं दप्तर आमाला नगं!"

"त्यांचं कसलं? पोरीच्या हक्काचं आहे," बाई म्हणाल्या. "आणि त्यांना काय सुनावायचं ते मी सुनावलंय."

वैजंताने दप्तर छातीशी घट्ट धरलं. "पन फोटू मी काडनार न्हाय," ती म्हणाली.