बोंबलांच्या जागेवर महिला केंद्र

मंडळी, दिल्ली मेट्रोने द्वारकेला परतताना लिहितेय. घरी पोचेपर्यंत थांबवत नाहीये.

आमचं ऑफिस मच्छीमार गावांच्या विकास योजना बघतं. आज कोकणातल्या एका गावच्या कोळणींशी व्हिडिओ कॉल होता. तिथे महिला केंद्र बांधायचंय, त्यावर बायकांचं मत घ्यायचं होतं. सरांना मराठी येत नाही, म्हणून दुभाषी मी.

केंद्रासाठी निवडलेली जागा म्हणजे नेमकी त्यांची बोंबील वाळवायची जागा. त्यांच्यातल्या पारूमावशी म्हणाल्या, "ताई, इमारत उभी राहिली की आम्ही बोंबील वाळवायचे कुठे? तुमच्या दिल्लीत?" मागच्या बायका हसल्या.

मी शब्दन् शब्द हिंदीत सांगितला. सर शांतपणे म्हणाले, "बिल्कुल सही बात है. लेकिन साइट तो फाइनल हो चुकी है. चलो, एक फोटो ले लेते हैं. सब हाथ हिलाइए."

"काय म्हणाले?" मावशींनी विचारलं.

"जागा बदलणार नाही म्हणाले. आणि फोटोसाठी हात हलवा म्हणाले."

मावशींनी हात हलवला नाही. मोबाईल वळवून बांबूंवर टांगलेल्या बोंबलांसमोर धरला. "यांचा काढा. पुढच्या वर्षी नसतील."

हेही मी हिंदीत सांगितलं. सरांनी फोटो काढला. "अच्छा आया," म्हणाले.

उद्या तो अहवालात लागेल. खाली 'महिलांचा सहभाग' असं मीच लिहायचंय. मी नाही लिहिलं तर दुसरं कोणी लिहील, आणि बोंबलांची जागा तरीही जाईल.

तुम्ही काय लिहिलं असतं?