अॅडमिनसाठी लावलेला कौल

डिचोलीत खाणीच्या ट्रकांच्या ऑफिसात मी संगणक सांभाळायचो. अॅडमिनचा पासवर्ड सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे रोज कोणीतरी काहीतरी बिघडवून ठेवायचं. वैतागून मी मालकांना सांगितलं, पासवर्ड बदलून एकाच माणसाकडे ठेवूया. मालकांना दोन भाऊ आणि पुतण्या, कोणालाच दुखवायचं नव्हतं. त्यांनी देवळात देवीच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवून प्रत्येकासाठी वेगळा कौल लावला. तिन्ही वेळा देवीच्या उजव्या बाजूची पाकळी पडली, म्हणजे होकार.

मी कपाळावर हात मारला. "आणि माझं काय?"

"तुझं विचारायचं राहिलं रे. देवीनं सांगितल्याशिवाय कसा देऊ?"

नवा पासवर्ड पुतण्याने घातला आणि तो त्या तिघांनाच ठाऊक. पुढे तिघांनी बिघडवलेलं नीट करायचं तरी पासवर्ड टाकायला मला पुतण्यालाच बोलावून आणावं लागायचं.