काटा थांबू द्या की!

ईरा, नील, गेल्या आठवड्यात तुम्ही मला मोबाइलवर एक बातमी पाठवलीत. दूध संकलनाचं सॉफ्टवेअर शून्यातून उभं करणाऱ्या एका नव्या कंपनीचं त्यात कौतुक होतं. खाली लिहिलं होतंत, ‘आजी, बघ, आपल्या कोल्हापूरकडचं!’ वाचून माझा संताप झाला. तुमच्यावर नव्हे. ते सॉफ्टवेअर तुमच्या सुहासकाकानं लिहिलंय, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला जाऊन महिना होत आला. आता मी गप्प बसले, तर ती बातमीच खरी ठरेल.

सुहास माझ्या बहिणीचा मुलगा. बंगळुरूची नोकरी सोडून आला आणि आमच्या वरच्या खोलीत काम करू लागला. कॉम्प्युटरला हात लावण्याआधी तो कित्येक सकाळी मुरगूडच्या दूध संस्थेत नुसता उभा राहायचा. रांग लवकर सरावी म्हणून माप घेणारे अण्णा वजनकाट्यावरचा आकडा स्थिर होण्याआधीच नोंद करून टाकत. एकदा दूध घालायला आलेल्या शेवंताबाई त्यांच्यावर कडाडल्या, “अवं, काटा थांबू द्या की! माझं दूध काय पळून चाललंय व्हय?” सुहासनं ते वाक्य जसंच्या तसं प्रोग्रॅममध्ये घातलं. आकडा हलत असेल तर नोंद होणार नाही, पडद्यावर ते वाक्य येणार. “मावशी, अण्णांना आता रोज बोलणी बसणार,” म्हणून घरभर हसत फिरला...

मग त्यानं तो प्रोग्रॅम इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला. कुणीही घ्या, बदला, विका. अट एकच, लिहिणाऱ्याचं नाव काढायचं नाही. या कंपनीनं प्रोग्रॅम घेतला आणि नेमकं तेवढंच काढलं. त्याच्या मेलना उत्तरही दिलं नाही. वकिलाकडे चल म्हटलं, तर म्हणायचा, “जाऊ दे की मावशी. बायकांचं दूध नीट मोजलं जातंय न्हवं?” मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. सगळं देऊन टाकणाऱ्या माणसानं स्वतःसाठी फक्त नाव ठेवलं होतं. तेही ओरबाडून घ्यायचं? नील, तू याच क्षेत्रात आहेस. दुसऱ्याचं काम वापरशील तेव्हा वर कुणाचं नाव आहे ते आधी वाच.

एका सकाळी तो चहाला खाली आलाच नाही. झोपेतच हृदय बंद पडलं होतं...

तुमची बातमी आल्यावर मी कंपनीला फोन केला. पलीकडचा तरुण फार नम्र होता. “मॅडम, आमच्या टीमनं प्रत्येक ओळ नव्यानं लिहिली आहे.” प्रत्येक ओळ! दुसऱ्याच दिवशी मी मुरगूड गाठलं. संस्थेत आता याच कंपनीचं यंत्र आहे, पडद्यावर त्यांचं झगझगीत बोधचिन्ह. एका बाईंनी दुधाची किटली ओतली, अण्णांनी सवयीनं घाईघाईत बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं आली : ‘अवं, काटा थांबू द्या की!’

अण्णा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “आक्का, घर धुऊन न्हेलं, पर कडी इसरली बगा लेकाचे!”

त्या पडद्याचा फोटो मी वकिलांना दिला आहे. पुढचं ते बघतील. सुहासचं नाव आज त्या प्रोग्रॅममध्ये नाही. त्यानं घातलेलं वाक्य आहे, आणि मुरगूडला अजूनही आकडा थांबल्याशिवाय दुधाची नोंद होत नाही.