साडेसातची करडेवाडी

नाशिकहून निघताना बायकोने बजावलं होतं, "कोल्हापूरला चाललाय, तिखट जपून." बाकी कशाला जपायचं ते तिने सांगितलं नाही. पहाटे बसमध्ये बसलेला मी संध्याकाळी सातला शाहूपुरीजवळच्या स्टँडवर उतरलो, तेव्हा पाय माझेच आहेत की शेजाऱ्याचे, हे हलवून बघावं लागलं. जायचं होतं करडेवाडीला, जोतिबाच्या डोंगराच्या अलीकडे. तिथे विलास हा माझा कॉलेजातला मित्र राहतो. फोनवर तो म्हणाला होता, "साडेसातची गाडी हाय. नवीन हाय. बंद व्हायच्या आत ये."

मला वाटलं, थट्टा करतोय.

गाडीत मी धरून तेरा माणसं. बाकीच्या बारा कॉलेजच्या मुली. शेजारच्या बाकावर तस्लीम नावाची मुलगी होती. दिवसभर कापडाच्या दुकानात काम आणि संध्याकाळी प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचा एक वर्षाचा कोर्स, असा तिचा दिनक्रम.

"पयलं शेवटची गाडी सहाची हुती," ती म्हणाली. "आमचा तास सुटतोय सातला. मग वडाप (माणसं कोंबून भरल्याशिवाय न हलणारी जीप). आता आठ दिस ही गाडी लावून बघाय लागल्यात. टिकली तर माझा कोर्स हाय. न्हायतर अब्बा म्हणाल्यात, घरात बस. परीक्षेला दोन म्हैनं ऱ्हायल्यात."

कंडक्टर सुतारबाईंनी तिकीट फाडता फाडता भर घातली. "शुक्रवारी डेपोतलं सायेब मोजाय येणार. बारा डोक्यांसाठी गाडी कोण ठेवतंय? पावणं, तुमी शुक्रवारपातुर ऱ्हावा की. तेवढंच एक डोकं वाढंल."

आयुष्यात माझ्या डोक्याची एवढी गरज कुणी बोलून दाखवली नव्हती. मी राहायचं कबूल केलं.

विलासकडे तांबडा आणि पांढरा रस्सा होता. तांबडा बघूनच मी सावध झालो आणि पांढऱ्यावर विश्वास टाकला. डोळ्यांतून पाणी आलं. विलासला वाटलं, इतक्या वर्षांनी भेटल्याचं. मी तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दूध डेअरीसमोर गाव जमलं. सरपंच अक्काताई मधे उभ्या होत्या. पलीकडच्या सोनटेकवाडीनेही याच गाडीसाठी अर्ज केला आहे, एवढं त्यांनी सांगितलं आणि पुढे काही सांगायची गरज उरली नाही. इथे इर्षा (चढाओढ) हा दुर्गुण समजत नाहीत, कुलदैवतानंतर तिचाच नंबर लागतो. ठरलं असं: शुक्रवारी घरटी एक माणूस कोल्हापूरला जायचं आणि साडेसातच्या गाडीने परत यायचं. गाडी खच्चून भरलेली दिसली पाहिजे.

"आन् धारा?" कुणीतरी विचारलं. संध्याकाळी धार काढून डेअरीला दूध घालायची वेळ या गावात कुणी चुकवत नाही, मग घरात लग्न असो.

"चारलाच काढायच्या," अक्काताई म्हणाल्या. म्हशींचं मत कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी मी दुपारपासूनच कोल्हापुरात हिंडलो. एका कट्ट्यावर म्हशी आणून समोरच धार काढून देतात, तिथे फेसाळ दुधाचा पेला घेतला. दूध कोमट असतं, म्हशीची नजर मात्र थंड. मग स्टँडवर गेलो. चाळीसेक पुरुष गुलाबी फेटे बांधून उभे होते. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडल्या आणि जागा धरल्या गेल्या. मिनिटभरात गाडी दारापर्यंत भरली. मलाही कुणीतरी "पावणं, या" म्हणत आत ओढून बसवलं. अक्काताई ड्रायव्हरच्या मागे बसल्या. त्यांचा चेहरा कुस्ती जिंकल्यासारखा होता.

डेपोतले साहेब कागद घेऊन आले. त्यांनी खालूनच विचारलं, "गाडी कशासाठी मागितली होती तुम्ही?"

"कालेजच्या पोरींसाठी!" चाळीस आवाज एकदम.

"मग पोरी कुठायत?"

गाडीने खिडक्यांतून खाली पाहिलं. तास सुटून आलेल्या बारा मुली दप्तरं छातीशी धरून फलाटावर उभ्या होत्या. त्यांना चढायला पायरीसुद्धा शिल्लक नव्हती.

माझ्या पुढच्या खिडकीत रशीदभाई शिंपी होते, तस्लीमचे वडील. दुकान बंद ठेवून आले होते. त्यांनी खाली तस्लीमकडे पाहिलं. मग कुणालाही न सांगता उठले आणि माणसं बाजूला सारत उतरले.

"उतरा की मर्दांनो, काय बघताय!" अक्काताई ओरडल्या. गाडी रिकामी झाली. मुली चढल्या. साहेबांनी मोजलं. बारा.

"बारा तर बारा लिवा," अक्काताई म्हणाल्या. गाडी गेली. साडेसातची गाडी भरायला आलेलं गाव आणि मी वडापची वाट बघत स्टँडवर थांबलो. तासभर लागला. रशीदभाई माझ्याशेजारीच उभे होते.

"पावणं, पोरगी ह्या गाडीआधी रोज हितंच हुभी ऱ्हायाची," ते म्हणाले. "मी घरात बसून म्हणायचो, उशीर का? मैत्रिणींसंगं फिरतीस व्हय? ती काय बोलायची न्हाय."

मला वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी गावात मुक्कामाला असलेल्या त्याच गाडीने परत निघालो. सुतारबाईंनी बातमी दिली, "सायेब म्हणालं, परीक्षेपातुर गाडी ऱ्हाईल. फुडचं फुडं बघू." मुलींनी टाळ्या वाजवल्या. तस्लीम दारात थांबून वडिलांकडे बघत होती.

"मधीच बंद केली तर मी न्यायला येतो," रशीदभाई म्हणाले. "कोर्स बंद करायचा न्हाय. चढ, गाडी खोळंबली."

नाशिकला पोहोचल्यावर बायकोने रस्सा कसा होता ते विचारलं. मुलगी माहेरी आलेली होती. तिची मुलं अंगणात खेळत होती. मी तिला विचारलं, "तुझा क्लास सुटायचा सातला. पुढची बस किती वाजता असायची गं?"

तिने भाजी निवडताना वर पाहिलं. "आठ वीसला."

"मग मधला वेळ?"

"उभी राहायचे, बाबा," ती म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडू लागली.