शेजारच्या सीटवरचे डोळे

माझा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. त्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मध्ये उरलेली फट. आत जायचं तर आधी स्टूल बाहेर काढायचं, आपण आत शिरायचं, मग स्टूल ओढून घ्यायचं. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं. चाळीस वर्षं हा डोळ्याला भिंग लावून तिथं बसलाय. लग्न केलं नाही, जेवायला माझ्याकडे येतो. मी म्हणायची, "अरे, कासवसुद्धा कधीमधी मान बाहेर काढतं." तर म्हणायचा, "कासवाला रविवार कुठे असतो, ताई? मला आहे."

रविवार म्हणजे वखारवाला. शाळेपासूनचा त्याचा दोस्त, लाकडाची वखार आहे. या गृहस्थानं पन्नाशीत विमान चालवायला शिकून घेतलं आणि एक जुनं, दोनच सिटांचं विमान आणलं. मी ते पाहिलंय. माझ्या शिलाई मशीनचा आवाज त्यापेक्षा भरवशाचा. दोघं आत बसले की गुडघ्याला गुडघा लागायचा, पण माझ्या भावाला तेवढीच मोकळी जागा ठाऊक. दरीवरून जायचं, डोंगरातल्या तीन तळ्यांवरून चक्कर मारून परत यायचं. रात्री जेवताना सांगायचा, "तळ्यावर ढगाची सावली चाललेली असते बघ. आपण तिला मागे टाकतो." त्याचा घास हातातच राहायचा.

चार वर्षांपूर्वी वखारवाल्यानं वर असताना सहज विचारलं, "घड्याळ्या, उंची किती झाली बघ रे." उंचीच्या त्या तबकडीला घड्याळासारखेच काटे असतात. याला काय, आनंदच. "साडेचार," म्हणाला. म्हणजे साडेचार हजार फूट. पुढं प्रत्येक तबकडी हाच वाचायला लागला. त्याला वाटलं, दोस्त आपल्याला मान देतोय. वर्षभरानं उमगलं की मान कसला, दोस्ताला काटे दिसतच नाहीत. मग लांबचंही दिसेना. "धावपट्टी डावीकडे का रे?" असं विचारायला लागला.

तोवर हा पुरता अडकला होता. बोलावं तर दोस्ताचं लायसन जाणार आणि त्याच्याबरोबर आपला रविवारही. न बोलावं तर दर रविवारी जीव मुठीत. त्यात ह्या शहाण्यानं आणखी एक उद्योग केला. लायसनसाठी दरवर्षी डॉक्टर डोळे तपासतो, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावतो. यानं तो तक्ता उतरवून आणला आणि वखारीच्या मागे बसून दोस्ताकडून पाढ्यासारखा घोकून घेतला. ज्याला शाळेत बाराचा पाढा आला नाही, तो साठीत एका दमात पास!

मला हे कळलं एका शनिवारी. ताटावर बसला आणि भात नुसता चिवडत राहिला.

"उद्या वहिनी बसणार आहेत विमानात," म्हणाला. वहिनी म्हणजे वखारवाल्याची बायको. इतकी वर्षं ती घाबरून नाही म्हणत होती.

"मग चांगलंच आहे की."

"ताई, सिटा दोनच आहेत."

मग सगळं ओकला. मी हातातला डाव खाली ठेवला.

"त्याला काही बोललास की नाही?"

"बोललो. म्हणतो, वाट पाठ आहे मला, वीस मिनिटांचं तर काम."

"तक्ता पाठ करून चालतो रे. तक्त्यावर पक्षी येऊन आदळत नाही."

"इकडे आड, तिकडे विहीर झालीय माझी."

"विहिरीत पडलास तर तू एकटा पडशील. आडात ती बाई पडेल," मी म्हटलं. तो उठून हात धुवायला गेला. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "उद्या तू चल माझ्याबरोबर."

सकाळी आम्ही मैदानावर सगळ्यांच्या आधी पोचलो. हा जाऊन आपल्या सीटवर बसला आणि पट्टा आवळून घेतला. थोड्या वेळानं नवरा-बायको आले. वहिनीनं स्वेटर घातलेला, केस रुमालानं बांधलेले, पायात नवे बूट.

"भावजी, आज ती जागा माझी ना?"

"उतर लेका, आज बायकोचा नंबर," वखारवाला हसला.

"नाही उतरत."

"विमान तुझ्या बापाचं?"

"बापाचं नाही. पण उतरत नाही."

विमानाचा मिस्त्री हातातलं फडकं झटकत म्हणाला, "काका, चिकटलात की काय? पान्हा आणू?" वखारवाल्यानं दंडाला धरून ओढलं, तर पट्टा. आधी थट्टा, मग शिव्या. तेवढ्याशा पेटीत माझा भाऊ समोर बघत बसलेला. मला वाटलं, जावं आणि आपणच सांगून टाकावं. पण हे त्यानंच बोलायला हवं होतं.

"भावजी, झालंय तरी काय?" वहिनीनं विचारलं.

तो दोस्ताला म्हणाला, "तू सांगतोस की मी सांगू?"

वखारवाल्यानं त्याच्या दंडावरचा हात काढून घेतला.

"वहिनी, याला काटे दिसत नाहीत. चार वर्षं मी वाचून दाखवतोय. डॉक्टरचा तक्ताही मीच याच्याकडून पाठ करून घेतलाय."

मिस्त्रीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. वहिनी नवऱ्याकडे बघत म्हणाली, "घरात दाराला धडकतात, ते ठाऊक होतं मला. वाटलं, वर कशाला धडकणार? सगळं मोकळंच तर आहे."

मला अशा वेळी हसू आलं. पदर तोंडाला लावून गिळलं.

"आता उतर," वखारवाला हळूच म्हणाला. भाऊ पट्टा सोडायला गेला, पण खसखशीएवढे स्क्रू उचलणाऱ्या त्याच्या बोटांना ते बक्कल सुटेना. तेव्हा वखारवाला आत वाकला, चाचपून बक्कल शोधलं आणि सोडवून दिलं. बायकोचा हात धरून गाडीकडे गेला. गाडी तिनं चालवली.

लायसन त्यानं स्वतःच नेऊन दिलं. विमान शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी घेतलं, त्याही चालवतात. माझा भाऊ अधूनमधून वखारवाल्याच्या घरी जातो. वहिनी चहा देते, हा पितो. दोस्त आतल्या खोलीत, दार लोटलेलं. खोकला तेवढा ऐकू येतो.

विमान घेतलेल्या त्या बाई मध्ये दुकानात आल्या होत्या. "काका, मला सगळं दिसतं हो. पण शेजारची जागा रिकामी असते. याल?" हा म्हणाला, "बघू."

मी म्हटलं, "अरे, जा की. तू चुकीचं काय केलंस?"

"तो दाराआड बसलाय आणि मी तळी बघत फिरू?"

आता रविवारीही दुकान उघडतो. गिऱ्हाईक नसतंच. परवा मी डबा घेऊन गेले तेव्हा डोक्यावरून तेच विमान गेलं. यानं मान वर केली नाही. मी रस्त्यावर उभी राहून दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

"सरळ चाललंय रे," म्हटलं.

"आवाजावरून कळतंय," तो म्हणाला.