घटलेले ठिपके

गच्चीवरच्या मधपेटीच्या तळाशी मी तेल लावलेला पांढरा कागद सरकवून ठेवतो. माश्यांच्या अंगावर जगणारे माइट त्यावर गळून पडतात. खसखशीएवढे तांबूस ठिपके. सोमवारी एकेचाळीस मोजले होते, आज नऊच. खुशीत बायकोला कागद दाखवला.

"किडे नऊ, कबूल. पण माश्या किती उरल्यात, ते मोजलंत का?"

मोजल्या नव्हत्या. दुखणं हटलं तरी हा आकडा उतरणार, आणि माश्याच संपत आल्या तरी उतरणार. मग नऊ म्हणजे काय समजायचं? पेटीच्या मागे कान लावला. गुणगुण होती, पूर्वीइतकी की कमी, कळेना. तीही शेजारी वाकली.

"आहेत हो," ती म्हणाली.

किती, ते मी विचारलं नाही.